हाक एक, ओ तीन

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली तीन सेट टॉप बॉक्स आहेत. तिघंही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच आठवड्यात घेतलेले. रेकॉर्डिंगवाले, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेले. घरी पहिल्यांदा येणारा माणूस चप्पल काढता काढताच विचारतो, "केबलचा धंदा सुरू केलाय का?" मग आई चहा टाकायला जाते आणि मी विषय बदलतो. कारण खरं उत्तर द्यायचं तर चहा संपून वर पोहेसुद्धा होतील. आज शनिवार आहे, लॅपटॉपवर ऑफिसचं काही उघडायचं नाही असं ठरवलंय, तर म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

तर झालं असं की, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली जुनी, बिनबॉक्सची केबल बंद झाली. डिजिटायझेशनचा तो पहिला टप्पा. नवी मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली ही मंडळी दुसऱ्या टप्प्यात, मुदत ३१ मार्च २०१३. बॉक्स नसेल तर टीव्हीवर मुंग्या दिसणार म्हणून सगळीकडे धावपळ चाललेली. मी तेव्हा शाळेत होतो. बाबांनी आणि डोंबिवलीच्या काकांनी डोकं लढवलं की घ्यायचाच आहे तर रेकॉर्डिंगवाला घेऊ, आणि तीन एकदम घेतले तर दुकानदार भावात थोडं सोडतोय. एक आमच्या नेरूळच्या घरात हॉलमध्ये, एक आजी-आजोबांच्या खोलीत, एक काकांकडे. आजोबांनी खोके उघडल्या उघडल्या त्यांचं बारसं केलं: "तिळे!"

रेकॉर्डिंगचं आजोबांना फार अप्रूप होतं. बातम्या चालू असताना 'पॉज' दाबून ते बाथरूमला जायचे आणि परत येऊन निवेदिकेला पुढे बोलायची परवानगी द्यायचे. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघातून तीसेक जणांना एका मराठी वाहिनीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून नेलं होतं. गोरेगावला शूटिंग. सकाळी आठला निघालेले आजोबा रात्री साडेअकराला घरी आले. पाठ धरलेली, पण चेहरा असा की जणू तेच गाऊन आलेत. कार्यक्रम लागणार त्या दिवशी त्यांनी अख्ख्या नात्यात फोन केले. आमच्याकडे दोन्ही बॉक्सवर रेकॉर्डिंग लावलं, काकांनाही लावायला लावलं. "एकाने दगा दिला तर दुसरा पाहिजे," म्हणाले. (बॅकअप म्हणजे काय हे मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं गेलं. आजोबांना कुणी शिकवलं कोण जाणे.)

दीड तासाच्या कार्यक्रमात आजोबा एकूण सात सेकंद दिसतात. मी मोजलंय. पहिल्यांदा चार सेकंद, टाळ्या वाजवताना, त्यासुद्धा ताल चुकवून. दुसऱ्यांदा तीन सेकंद. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसतायत. गाणं ऐकून डोळे भरून आले होते की एसीने काच धुरकटली होती, यावर घरात आजही एकमत नाही.

२०१६ मध्ये आजोबा गेले. त्यानंतर आजीने एक नेम धरला. गुरुवारी संध्याकाळी दिवा लावून झाला की आपल्या खोलीतल्या टीव्हीवर ते रेकॉर्डिंग लावायचं. सगळा कार्यक्रम नाही. बरोब्बर जागेवर नेऊन ते दोन तुकडे बघायचे आणि बंद. दुसरा तुकडा आला की दर वेळी तेच वाक्य: "सांगत होते, रुमाल घेऊन जा म्हणून."

आता मूळ विषयाकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी आजीच्या खोलीतला टीव्ही बंद पडला. नवा घेऊ म्हटलं तर आजी म्हणाली, "मला कशाला वेगळा? हॉलमध्ये बघीन." पण तिचा बॉक्स मात्र तिला हवा. कारण ह्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग बाहेर काढता येत नाही. पेन ड्राइव्हवर नाही, दुसऱ्या बॉक्सवर नाही. आत साठवताना ते एन्क्रिप्ट होतं आणि कुलूप उघडायची किल्ली त्याच बॉक्सपाशी, त्याच्याच कार्डापाशी. म्हणून तिचा बॉक्स हॉलमध्ये आला, टीव्हीच्या मागे एचडीएमआय दोनला जोडला गेला, आणि बाबांच्या बॉक्सच्या डोक्यावर जाऊन बसला.

पहिल्याच संध्याकाळी गंमत कळली. बाबांनी बातम्या लावायला बटण दाबलं तर दोन्ही बॉक्सचे दिवे लुकलुकले. आजीने आपला रिमोट घेतला, तरी दोन्ही लुकलुकले. मी हुशारी करून दोन्ही रिमोटवर स्टिकर लावले, एकावर 'बाबा', एकावर 'आजी'. उपयोग शून्य. रिमोटला आपण कुणाचे आहोत हे माहीत असून चालत नाही, बॉक्सला कळावं लागतं ना!

हे असं का होतं ते थोडं सांगतो. (तांत्रिक आहे, पण सोपं आहे. पळू नका.) साधा रिमोट म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची बॅटरी. इन्फ्रारेड. मोबाइलचा कॅमेरा समोर धरून बटण दाबलं तर बऱ्याच मोबाइलमध्ये रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी दिसते, तीच ती. ही बॅटरी सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकते, म्हणजे ट्यूबलाइटच्या आणि उन्हाच्या गोंधळातून बॉक्सला तिला वेगळं ओळखता येतं. त्या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे करून निरोप पाठवायचा. एनईसी नावाच्या जपानी कंपनीने ठरवलेली पद्धत खूप ठिकाणी वापरतात, आमच्या बॉक्सचीही तीच निघाली. आधी नऊ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता. याचा अर्थ 'ऐका हो ऐका'. मग ३२ बिट. आठ बिटांचा पत्ता, तोच पत्ता उलटा करून पुन्हा, मग आठ बिटांची आज्ञा आणि तीही पुन्हा उलटी करून. उलटं पाठवायचं कारण, वाटेत काही बिघडलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि बॉक्स निरोप सोडून देतो. एकशे दहा मिलिसेकंदांच्या आत सगळा खेळ खलास.

मेख आहे ती 'पत्ता' या शब्दात. हा पत्ता एका बॉक्सचा नसतो, अख्ख्या मॉडेलचा असतो. नेटवर्क कार्डाला जसा जगात एकमेव मॅक अ‍ॅड्रेस असतो, तसं इथे काही नाही. नवी मुंबईकरांना पटकन कळेल असं सांगायचं तर, रिक्षात बसून नुसतं "सेक्टर पंधरा" म्हणण्यासारखं आहे. सिडकोने वाशीला सेक्टर १५ दिलाय, नेरूळला दिलाय, बेलापूरला दिलाय, खारघरला दिलाय. आपण नोडचं नाव घेतलंच नाही तर रिक्षावाल्याने जायचं कुठे? रिक्षावाला निदान मागे वळून विचारतो. बॉक्स विचारत नाही. रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याला 'पोचलं' अशी पावती मिळत नाही. आमच्या भाषेत यूडीपी, तेही ब्रॉडकास्ट.

ही अडचण जुनी आहे, आणि लोकांनी तिचा विचार केलेला नव्हता असंही नाही. १९५० साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने काढलेल्या टीव्ही रिमोटला चक्क वायर होती. पायात अडकायची, पण कुणाचा रिमोट कुणाचा टीव्ही हा वाद नाही. १९५५ मध्ये त्यांनीच प्रकाशावर चालणारा बिनवायरचा काढला, तर खिडकीतून ऊन आलं की चॅनेल बदलायचं. १९५६ मध्ये अल्ट्रासाउंडवाला आला. त्याला खिशातली नाणी खुळखुळली तरी चालायचं. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत तर एक गोष्ट वाचून मला त्या अनोळखी इंजिनिअरांना नमस्कार करावासा वाटला: त्यांच्या यादीत टीव्हीसाठी शून्य आणि एक, आणि व्हीसीआरसाठी पाच आणि सहा, असे दोन दोन पत्ते राखून ठेवलेले आहेत. म्हणजे घरात दोन व्हीसीआर असतील हे कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं! सोनीच्या व्हीसीआर रिमोटवर १-२-३ असं छोटं बटण असायचं, ते बीटामॅक्स, ८ मिलिमीटर आणि व्हीएचएस यांना वेगळं ठेवायला. अमेरिकेतल्या टिवोने, म्हणजे हार्ड डिस्कवाल्या रेकॉर्डरच्या मूळपुरुषाने, रिमोटला एक ते नऊ असे पत्ते देण्याची सोय ठेवली. तिथे म्हणे हॉलमध्ये दोन-दोन टिवो ठेवणारे लोक होते.

मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या वेळी अख्ख्या चाळीत मिळून एक व्हीसीआर. तोही भाड्याचा, एका रात्रीपुरता. दोनाचा प्रश्नच नव्हता." बरोबर आहे. आमच्या बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये मी तासभर पत्ता बदलायची सोय शोधली. नव्हती. एका घरात, एका टीव्हीखाली दोन बॉक्स कोण ठेवेल?

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. सगळ्यात वैताग चालू-बंदच्या बटणाचा. 'चालू' आणि 'बंद' अशी दोन वेगळी बटणं असती तर प्रश्न नव्हता. एकच बटण आहे, ते स्थिती उलटी करतं. बाबांचा चालू आणि आजीचा बंद असताना बटण दाबलं की बाबांचा बंद आणि आजीचा चालू. परत दाबलं की परत उलट. एक्स-ऑर. दोघांना एकदम चालू करायचं तर एकाच्या समोर हात धरून दुसऱ्यावर बटण दाबायचं. आई याला 'आरती' म्हणायची, कारण आम्ही टीव्हीसमोर वाकून हात फिरवत असायचो.

मग आली गेल्या वर्षीची दिवाळी.

साफसफाईत माझ्या वाट्याला 'डिजिटल माळा' आला. बाबा म्हणाले, "माझ्या बॉक्समध्ये जागा उरली नाही. सचिनची शेवटची कसोटी सोडून बाकी सगळं उडव." २०१३ च्या नोव्हेंबरमधली वानखेडेवरची ती मॅच आणि त्यानंतरचं सचिनचं भाषण बाबांनी जपून ठेवलंय. (त्या मॅचला जागा करायला त्यांनी आपल्या बॉक्समधलं आजोबांचं गाणं पुसलं होतं. "आईच्या बॉक्समध्ये आहेच की," असं म्हणून. लक्षात ठेवा.) यादीत एकूण ६४ रेकॉर्डिंग, सगळ्यात नवं वर. मी चहाचा कप घेऊन बसलो आणि वरून सुरुवात केली. डिलीट, ओके. डिलीट, ओके. एकसष्ट वेळा. कोड लिहिणाऱ्या माणसाला असल्या कामात एक विचित्र समाधान मिळतं.

वरच्या बॉक्सचा दिवा प्रत्येक बटणाला लुकलुकत होता. मला दिसत होता. वर्षभर दिसत होता, त्यामुळे दिसेनासा झाला होता.

आजीच्या बॉक्सच्या यादीत एकूण ३८ रेकॉर्डिंग होती.

गुरुवारी आजीने दिवा लावला, एचडीएमआय दोन केलं, यादी उघडली. यादी रिकामी. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. तिने मला हाक मारली. मी आलो, स्क्रीनकडे बघितलं, आणि पोटात जे काही झालं ते मी प्रॉडक्शनवर चुकीची स्क्रिप्ट चालवली होती तेव्हाही झालं नव्हतं. तेव्हा निदान बॅकअप होता. निदान कुणी ओरडायला होतं.

"ह्यांचं गाणं गेलं का रे?" आजीने विचारलं.

मी म्हटलं, "आजी, माझ्याकडून पुसलं गेलं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जाऊ दे. पाठ आहे मला." आणि उठून आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी डिस्क काढून लॅपटॉपला लावली. अर्थातच काही हाती लागलं नाही, सगळं एन्क्रिप्टेड. कार्यक्रम इंटरनेटवर शोधला. इतर भाग होते, हा नव्हता. दोन दिवस मी आजीच्या खोलीसमोरून जाताना मोबाइलमध्ये बघत जायचो. सचिनचं भाषण मात्र आमच्याकडे शाबूत. जे जगात लाख ठिकाणी आहे ते वाचलं, आणि जे एकाच ठिकाणी होतं ते गेलं.

तिसऱ्या दिवशी आईने एका वाक्यात प्रश्न सोडवला. "अरे, पण भावजींकडे पण होतं ना?"

आजोबांचा बॅकअप!

काकांनी २०२० मध्येच ते कनेक्शन बंद करून सगळं इंटरनेटवर बघायला सुरुवात केली होती. बॉक्स भंगारात दिला असेल या भीतीने मी फोन केला तर काकू म्हणाल्या, "माळ्यावर असेल बघ, गणपतीच्या मखराच्या मागे." रविवारी डोंबिवली गाठली. थर्माकोलच्या जुन्या मखरामागून, धुळीने पांढरा झालेला तिसरा भाऊ निघाला. जुन्या साडीत गुंडाळून, ठाण्याला गाडी बदलून, मांडीवर धरून घरी आणला. गाडीत एकाने विचारलंही, "देव आहे का?" मी हो म्हटलं.

बॉक्स चालू झाला. यादीत ते दिसलं, तारखेसकट. पण प्ले म्हटलं तर खातं बंद आहे असा संदेश. रिचार्ज केल्याशिवाय स्वतःचं जुनं रेकॉर्डिंगही दिसणार नाही! काकांचा ग्राहक क्रमांक, त्यांच्या जुन्या मोबाइल नंबरचा घोळ, कस्टमर केअरचं संगीत... असो. दोन दिवस गेले, पण गुरुवारी संध्याकाळी आजोबा टीव्हीवर होते. टाळ्या वाजवत. ताल चुकवत.

आजीने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "सांगत होते, रुमाल घेऊन जा म्हणून." आईसुद्धा आत निघून गेली.

आणि मला घाम फुटला. कारण आता एकाच टीव्हीखाली एकसारखे तीन बॉक्स होते, घरात एकसारखे तीन रिमोट होते, आणि एकुलती एक प्रत तिसऱ्या बॉक्समध्ये होती. कुणीही, कुठल्याही रिमोटने, कुठल्याही बॉक्सवरचं काहीही पुसायला गेलं की मागच्या दारी तेच पुन्हा घडणार.

तुम्ही म्हणाल, प्लग काढून ठेव. ठेवला की! पण आजीचं वय ८१, टीव्हीच्या मागे वाकून प्लग लावणं तिला जमत नाही, आणि मी गुरुवारी सहाला घरी असेनच याची खात्री माझा मॅनेजरसुद्धा देऊ शकत नाही. बरं, बॉक्स जागा व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. तोवर दिवा लावून आलेली आजी हात जोडून निळ्या पडद्यासमोर बसलेली. बघवत नव्हतं. नुसता स्टँडबायवर ठेवावा, तर बाबांनी आपला बॉक्स चालू करायला बटण दाबलं की हाही टुणकन जागा.

पहिला उपाय आजीनेच काढला. एक दिवस ऑफिसातून आलो तर दोन बॉक्ससमोर स्टीलची दोन ताटं उभी! मागे बॉक्स, पुढे टेकू म्हणून तांब्या. "त्याला दिसलं नाही म्हणजे त्याला कळणार नाही," आजी म्हणाली. शंभर टक्के बरोबर. मी रिमोटच्या टोकाला पुठ्ठ्याची नळी लावून झोत अरुंद करायचा प्रयत्न आठवडाभर करत होतो आणि आमच्या हॉलच्या पांढऱ्या भिंतींवरून किरण परतून सगळ्यांना मिळत होते. ताटाने काम केलं. अडचण एवढीच की जेवायच्या वेळी आई ताटं काढून न्यायची.

मग अस्मादिकांनी लॅमिंग्टन रोड गाठला. नेरूळहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, तिथून ग्रँट रोड. कॉलेजच्या प्रोजेक्टनंतर पहिल्यांदाच गेलो. एक छोटा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक टीएसओपी-१७३८ (हा इन्फ्रारेड ऐकणारा कान, तीन पायांचा, आकाराने चिंचोक्याएवढा), तीन इन्फ्रारेड एलईडी, तीन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर. सगळ्यांचा मिळून खर्च मॉलमधल्या एका सिनेमाच्या तिकिटात पॉपकॉर्न धरून बसला.

कल्पना साधी. प्रत्येक बॉक्सच्या डोळ्यावर एक-एक एलईडी चिकटवायचा आणि डोळा बाहेरून पूर्ण झाकायचा. म्हणजे बाहेरचं कुणाचंच त्याला ऐकू येणार नाही, फक्त कानाशी लागलेल्या एलईडीचं ऐकू येईल. सगळ्यांच्या वतीने ऐकायचं काम त्या टीएसओपीचं. तो ऐकणार, बोर्ड ठरवणार की निरोप कुणासाठी आहे, आणि त्याच्याच एलईडीतून पुढे पाठवणार. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या बाई हेच करायच्या.

पण तिन्ही रिमोट एकसारखंच बोलतात, मग कोण कुणाशी बोलतंय हे बोर्डाला तरी कसं कळणार? इथे घरातल्या अडगळीच्या ड्रॉवरने साथ दिली. आपल्याकडे रिमोट कुणी टाकत नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरचा एक होता, आजीच्या मेलेल्या टीव्हीचा एक होता. त्यांचे पत्ते आपोआपच वेगळे. बाबांचा बॉक्स बाबांच्या मूळ रिमोटवर ठेवला, म्हणजे त्यांना नवीन काही शिकायला नको. आजीचा जुना बॉक्स डीव्हीडीच्या रिमोटवर. आणि तिसरा बॉक्स, गाण्याचा, आजीच्या जुन्या टीव्हीच्या रिमोटवर. तो तिच्या हातात दहा वर्षं बसलेला, अंधारातही बटण सापडतं. प्रोग्रॅम म्हणजे नुसतं एक कोष्टक: या रिमोटचं हे बटण आलं तर त्या बॉक्सला ते पाठव.

पहिल्या रात्री सगळं चाललं आणि तरीही तिन्ही दिवे एकदम लुकलुकले! दोन तास कोड तपासला. कोड बरोबर होता. चूक अशी की डोळे झाकायला मी एका जुन्या पेन स्टँडचं काळं प्लास्टिक कापून लावलं होतं. आपल्याला ते काळं दिसतं, पण त्यातून इन्फ्रारेड खुशाल आरपार जातं. बॉक्सची स्वतःची खिडकी काळी असते ती त्याचसाठी! शेवटी स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणला, दुहेरी घडी करून लावला, वरून इन्सुलेशन टेप. मग शांतता. (स्टीलचं ताट काय, अ‍ॅल्युमिनियम काय. आजी आधीच तिथे पोचली होती.)

या सगळ्या प्रकल्पात मी एकच गोष्ट खरी अक्कल वापरून केली असं मला वाटतं. गाण्याच्या बॉक्सच्या कोष्टकात 'डिलीट'चं बटण घातलंच नाही. त्या रिमोटवरून त्या बॉक्सला प्ले, पॉज, पुढे, मागे, वर, खाली, ओके आणि चालू-बंद एवढंच जातं. पुसण्याची आज्ञा तिथे पोचायला वाटच नाही. रीड-ओन्ली. जे पुसायचं नाही त्याला 'नक्की पुसू का?' असं विचारणारी पाटी पुरत नाही, हे मी एकसष्ट वेळा ओके दाबून शिकलोय.

आता तेरा वर्षं होत आली त्या डिस्कला. ती कधीतरी जाणार हे मला कळतं. फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य असतं. म्हणून एका गुरुवारी आजीच्या मागे उभा राहून ते सात सेकंद मी मोबाइलवर टीव्हीवरूनच शूट करून ठेवले. तीन ठिकाणी कॉपी केले, काकांना पाठवले. आजीला मोबाइलवर दाखवले तर तिने चष्मा लावून पाहिले आणि मोबाइल परत दिला. म्हणाली, "ह्यात हे फारच लहान दिसतात रे."

त्यामुळे तिन्ही बॉक्स आहेत तिथेच आहेत. मागे वायरींचं जंजाळ, पुढे फॉइलची ठिगळं, कोपऱ्यात बोर्डाचा निळा ठिपका. दर महिन्याला तिन्ही खात्यांचा रिचार्ज मी करतो. आई म्हणते, सात सेकंदांसाठी केवढे पैसे. पण तारीख चुकली तर आठवण तीच करते.

परवाच्या गुरुवारी मी घरून काम करत होतो. मीटिंगमध्ये म्यूट करून कान हॉलकडे लावले. बाबा पलीकडे आपल्या रिमोटने बॉक्स चालू करून बघत होते, एकच दिवा लागला. आजीने आपला रिमोट घेतला, दुसराच दिवा लागला. टाळ्यांचा आवाज आला. मग थोडा वेळ काही नाही. मग आजीचा आवाज, रुमालाबद्दल.

बाहेर आलो तर गाण्याच्या बॉक्ससमोर स्टीलचं ताट उभं, टेकूला तांब्या. म्हटलं, "आजी, आता याची गरज नाही गं. मी सगळं बंद केलंय."

"असू दे," आजी म्हणाली. "तुझं तुझ्या जागी, माझं माझ्या जागी."

त्या दिवशी मी ताटलीतच जेवलो.